कप्प्यात उतरलेला गप्पी

पहिला पाऊस बघायचा तर तो आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, आणि तोही दिवसा नाही, रात्री. मृग लागला तरी चार दिवस नुसतं गडगडून फसवाफसवी चालते, अंगाची काहिली होते, बैल आंब्याची सावली सोडत नाहीत, आणि मग एका रात्री असा काही कोसळतो की कौलांवरच्या आवाजात शेजारी निजलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. शहरातला माणूस अशा वेळी पांघरूण ओढून कुशीवर वळतो. आमच्या साखरशेत गावातला उठतो, चाचपडत बॅटरी शोधतो, आमच्या लहानपणी कंदील नाहीतर टेंभा असे, डोक्यावर इरलं घेतो आणि ओहोळाकडं निघतो. कारण त्या रात्री मासे चढतात. कोकणात ह्याला वलगण म्हणतात, कुणी नुसतं चढणीचे मासे म्हणतं, पण बघणाऱ्याला नावाची गरज नसते. कालपर्यंत ज्या ओहोळात नुसते तापलेले धोंडे होते, तिथं गुडघाभर गढूळ पाणी धावत असतं आणि त्या पाण्याच्या तोंडावर, उलट्या अंगानं, चंदेरी चपळाई चाललेली असते. पाणी खाली येतंय आणि मासा वर निघालाय. पाण्याला ठाऊक आहे कुठं जायचं, आणि माशालाही.

आता तुम्ही विचाराल, एवढी नदी सोडून हा मासा आमच्या चिखलाच्या खाचरात काय करायला येतो? तर येतो बाळंतपणाला. भाताचं खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध आणि एका बाजूला जादा पाणी उतरायला ठेवलेली मोरी. पहिल्या पावसाचं पाणी त्या खाचरात साचलं की उन्हाळाभर पडलेलं शेण, पाला, राबाची राख सगळं भिजतं, कुजू लागतं आणि त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक जीव कोटींनी उपजतात. माशाच्या पिल्लाला दात येण्याआधी जो खाऊ लागतो तो हाच. शिवाय पाणी उथळ, त्यामुळं नदीतली मोठी खादाड मंडळी तिथपर्यंत येत नाहीत. म्हणून गाभोळीनं पोट टम्म झालेली मादी आणि तिच्यामागं नर, असे एका मोरीतून दुसऱ्या खाचरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पायऱ्या चढत येतात. जव्हारचा सारा माळ समुद्रापासून साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेतो, तेव्हा ह्या पायऱ्यांना पाणी कमी पडत नाही. कमी पडतं ते उघडीप झाली की. पाऊस दोन दिवस ओढला, ऊन पडलं, मोरीतून वाहणारं पाणी थांबलं, की वर आलेला मासा खाचरातच अडकतो. बगळे येतात, पोरं येतात, कावळे येतात. पोरांच्या हाती लागला तर कालवणात जातो आणि नाही लागला तर पुढच्या सरीची वाट बघत चिखलाच्या डबक्यात शेपटी हलवत पडून राहतो.

अशा अडकलेल्या माशाची गोष्ट मला सांगायची आहे, पण ती खाचरातल्या माशाची नाही, काचेच्या पेटीतल्या माशाची आहे. तिच्याकडं येतोच. वाटेत दोन-तीन गिर्यारोहक भेटतात त्यांना रामराम केल्याशिवाय पुढं जाणं बरं दिसत नाही.

त्यातला पहिला आमचा मळ्या. बोटाएवढा, मातकट, ताटात वाढला तर पाहुण्याला दिसणारही नाही असा. पण त्याला उलटा करून हनुवटीखाली बघा, तिथं एक गोल चकती असते, तिनं तो धोंड्याला चिकटतो. वरून पाण्याचा लोट कोसळत असतो आणि हा पठ्ठ्या ओल्या कातळावर चिकटून बसलेला. लोट जरा ढिला पडला की शेपटीचा झटका देऊन वीतभर पुढं, परत चिकटला. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज कर्नलनं दख्खनच्या माशांचं वर्णन लिहिलं, त्यात ह्या मळ्यालाही जागा दिली. दुसरा मरळ. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते, म्हणून तो पाण्यावर येऊन घोट घेतो आणि ओल्या गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. रात्री बांधावरून साप चालला म्हणून काठी उगारावी आणि तो मरळ निघावा, हे आमच्याकडं पुष्कळांना घडलेलं आहे. तिसऱ्याची कथा तमिळ मुलखातली. तिकडं तरंगमबाडीला डेन्मार्कच्या कंपनीची वखार होती, तिथल्या डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटानं १७९१ साली ताडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून बरंच वर, कल्ल्यांच्या काट्यांनी सालीला धरून चढणारा मासा पकडल्याचं लिहून ठेवलं. १७९७ साली लंडनच्या विद्वानांनी ते छापलं आणि पुढं शंभर वर्षं मासा झाडावर चढतो की नाही ह्यावर कडाक्याची भांडणं झाली. चढण्याची हद्द मात्र हवाई बेटांवरच्या गोबी माशाची. समुद्रातून परत येणारं त्याचं इंचभर पिल्लू पोटाखालच्या चूषकानं कातळाला धरत धरत धबधब्यामागची ओली भिंत चढतं. तिथला अकाका नावाचा धबधबा चारशे फुटांहून उंच आहे आणि त्याच्या वरच्या ओढ्यात हे गोबी सापडतात. आमचा दाभोसा धबधबा तीनशे फूट म्हणतात. दाभोशाच्या तळाशी उभं राहून मान वर करून बघा आणि मग त्या इंचभर पिल्लाचा विचार करा.

पण ताकदीपेक्षा मला नवल वाटतं ते दिशेचं. काळोखी रात्र, पाणी चहाच्या रंगाचं, डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नाही, मग माशाला वर कुठं आणि खाली कुठं हे कळतं कसं? बाजारातला रोहू घेऊन त्याच्या कुशीकडं नीट बघा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत शिवणीसारखी एक बारीक रेघ गेलेली दिसेल. रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला एक भोक आणि भोकांच्या आत नळी. त्या नळीत आणि कातडीवर ठिकठिकाणी बारीक केस असलेल्या पेशींचे झुबके, प्रत्येक झुबक्यावर मऊ चिकट टोपी. पाणी हललं की टोपी कलते, टोपी कलली की केस वाकतात, केस वाकले की मेंदूला खबर जाते की पाणी अमक्या बाजूनं आलं. मासा मग तोंड त्या बाजूला फिरवतो. वाहत्या पाण्यात तोंड प्रवाहाकडं करून राहणं हा माशाचा पिढीजात स्वभाव आहे. त्यात त्याचा फायदाच आहे, वाहून जात नाही आणि वरून येणारा घास आधी मिळतो. ह्या केसाळ पेशी आपल्यालाही असतात बरं का, कानाच्या आत, आणि त्यांच्याच जिवावर आपण ऐकतो. फरक इतकाच की आपल्या एकदा मेल्या की गेल्या. आपल्या ओढ्यांतून सापडणारा पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा असतो, त्याच्या ह्या पेशी मेल्या तर दोन-तीन दिवसांत नव्या उगवतात. हे वाचल्यापासून मी त्या माशाकडं जरा हेव्यानंच बघतो, कारण हल्ली सून दोनदा हाक मारते तेव्हा मला एकदा ऐकू येते.

तर आता काचेची पेटी. माझा नातू नाशकात नोकरीला. तिथल्या कुणा मित्रानं घर बदललं आणि मोठी माशांची टाकी स्वस्तात देऊन टाकली, ती ह्यानं टेम्पोत घालून गावी आणली. जुन्या घराच्या ओसरीवर ती बसवली तेव्हा वाडीतली माणसं वरातीला यावीत तशी बघायला आली. टाकी साधी नव्हती. तिच्या एका कोपऱ्यात काळ्या काचेचा उभा कप्पा होता, हातभर खोल आणि आडवा जेमतेम चार बोटं. कप्प्याच्या माथ्यावर प्लॅस्टिकची फणी. टाकीतलं पाणी भरून आलं की फणीच्या दातांमधून कप्प्यात सांडतं, कप्प्यातल्या उभ्या नळीतून खाली टेबलाच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं, तिथं स्पंजातून आणि खड्यांतून गाळलं जातं आणि मोटर ते पुन्हा वर ढकलते. नातू त्याला ओव्हरफ्लो म्हणत होता आणि खालच्या टाकीला संप. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात मागं बांधून सगळी करामत बघितली आणि विचारलं, "म्हणजे हे खाचर, ही मोरी, आणि पाणी परत डोंगरावर न्यायला मोटर, असंच ना?" नातवाला ते कमीपणाचं वाटलं, पण म्हातारा चुकला नव्हता.

महागडे मासे घ्यायला पैसे नव्हते, म्हणून टाकीत सोडले ते गप्पी. गप्पी महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? हिवतापवाले गावोगाव हौदात, टाक्यांत, जुन्या विहिरींत सोडतात ते, डासांच्या अळ्या खातात म्हणून. मादी करडी, पोटाशी काळा डाग, दोन बोटांच्या पेराएवढी. नर तिच्याहून निम्मा, पण शेपटीला सगळ्या जत्रेतले रंग. हा मासा अंडी घालत नाही, महिन्याभरानं जिवंत पिल्लं टाकतो, आणि एकदा नराशी गाठ पडली की मादी ती शिदोरी महिनोन्‌महिने पुरवते. त्यामुळं दोन-चार आणले म्हणता म्हणता टाकी भरली.

जुलैत लाइट जायला लागली. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट असते त्याची बातमी होते. लाइट गेली की मोटर थांबते, टाकीतलं पाणी फणीच्या बुडापर्यंत उतरून स्थिर होतं, कप्प्यातलं नळीच्या तोंडापर्यंत खाली जातं आणि संप तुडुंब भरतो. लाइट आली की मोटर एकदम धावते, टाकीत पाणी बोटभर चढतं आणि फणीवरून धो धो कप्प्यात पडायला लागतं. एके सकाळी नातवानं बॅटरी कप्प्यात मारली तर आत एक नर फिरत होता. रात्रीतून कधीतरी आत उतरला, आता बाहेर यायला वाट नाही. कप्प्यात दोन नळ्या, एक उतरायची, एक चढायची, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत हे रंगीत शेपटाचे दिवाणजी.

मग जे झालं ते खेड्यात एखादी गाय विहिरीत पडल्यावर होतं तेच झालं, आख्खी वाडी सल्ला द्यायला हजर. नातवानं छोटं जाळं आत घातलं, ते नळ्यांना अडकलं आणि मासा तळाशी नळीमागं जाऊन बसला. एकानं गळ सुचवला. एक म्हणाला, नळीच्या तोंडावरची जाळी काढा, मासा पाण्याबरोबर खालच्या टाकीत जाईल, तिथं धरा. हा सल्ला अगदीच वेडा नाही, पुष्कळ लोक तसं करतात, पण नळीला काटकोनी वळण असतं, मध्ये कॉक असतो, आणि माशाचे पर तिथं सोलवटायला वेळ लागत नाही. माझं मत असं की मासा काढायला हात घालूच नये. तो बिचारा हातापासून पळायलाच शिकलेला आहे, जितका हात खोल जातो तितका तो खोल जातो, आणि धडपडीत अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर नंतर बुरशी धरते. घाईसुद्धा नव्हती. वरून पाणी पडत असतं म्हणून कप्प्यात हवा भरपूर मिसळते, टाकीत टाकलेल्या खाण्याचा चुरा फणीतून आत येतो, त्यामुळं जाळी शाबूत असेल तर असा मासा कप्प्यात कितीतरी दिवस मजेत राहतो. काही माणसांना तर तो तिथं आहे हेच महिनाभर कळत नाही.

मी नातवाला म्हटलं, खाचरातला मासा वर कसा येतो? पाणी चढलं की. मग इथंही पाणी चढव.

त्यानं आधी मोटर बंद केली. हे आधी करायचं, कारण नळी बुजवून मोटर चालू ठेवली तर कप्पा भरेल, टाकी भरेल आणि मग ओसरीही भरेल. मग उतरायच्या नळीच्या तोंडात कापड गुंडाळलेलं बूच बसवलं. फणी वर उचलून निघत होती, ती काढून ठेवली, आता माथ्यावर नुसती काचेची कड राहिली. खालच्या संपातलं पाणी मगानं घेऊन तो कप्प्यात सोडू लागला, कडेवरून, हळूहळू, धार आत आपटू न देता. पाणी मुद्दाम संपातलं, कारण ते त्याच घरातलं, तितकंच कोमट. बाहेरचं थंड पाणी ओतलं तर मासा गारठतो. मग-मग करत पाणी वर आलं आणि त्याबरोबर गप्पीही वर आला, आधी तळाशी, मग नळीच्या मध्यावर, मग पृष्ठभागाखाली चार बोटं. कप्पा कडेपर्यंत भरला, टाकीतलं आणि कप्प्यातलं पाणी काचेच्या कडेवरून एक झालं, पाण्याचा जेमतेम करंगळीएवढा थर.

आणि मासा तिथंच फिरत राहिला. कडेपर्यंत यायचा, परत फिरायचा. वाट उघडी होती पण तिला ओढ नव्हती. तेव्हा माझी नात पुढं आली, तिच्या हातात वाटी दिली आणि सांगितलं, तू कप्प्यातलं पाणी वाटीनं उचलून टाकीच्या पलीकडच्या टोकाला सोडत राहा. कप्प्यातलं पाणी केसभर उतरलं, टाकीतलं केसभर चढलं, आणि कडेवरून टाकीकडून कप्प्याकडं बारीक ओघळ वाहायला लागला. वाहणं म्हणावं असंही नाही, पण गप्पीच्या कुशीला ते कळलं. गोल फिरायचा थांबला. तोंड कडेकडं केलं आणि जागच्या जागी शेपटी हलवत राहिला, परांचे दोन पंखे इतके भराभर की नुसती धूसर हालचाल दिसत होती. नातीनं आणखी एक वाटी उचलली. गप्पी एक बोट मागं सरकला, सगळ्यांनी अरेरे केलं, आणि तेवढ्यात तो पोट काचेला घासत कडेवरून पलीकडं गेलाही. टाकीत पोचल्या पोचल्या त्यानं पहिली मादी गाठली आणि तिच्याभोवती शेपूट फुलवून नाचायला लागला. आभारबिभार काही नाही.

बूच एकदम काढू नये. एकदम काढलं तर नळी गुरगुरते, पाणी ओढून घेते आणि कडेजवळचा दुसरा कुणी शहाणा आत जाऊन पडतो. थोडं थोडं सैल करावं.

आता उरलं ते कोडं. तो आत पडला की वाहून गेला? नातू म्हणत होता, लाइट आल्यावर पाण्यानं ओढला. असेलही. अशक्त, म्हातारं किंवा नुकतं जन्मलेलं पिल्लू ओढलं जातंच. पण हा गडी तगडा होता, आणि गप्पीचं एक गुपित आहे जे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या डॅफ्नी सोआरिस नावाच्या बाईंना चहाच्या कपात सापडलं. त्या बाई काम करत बसल्या होत्या, शेजारी गप्पींचं भांडं, समोर चहा, नशिबानं थंड चहा. भांड्यातला एक गप्पी उडाला तो थेट चहात. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं, चहा ओतून दिला असता. बाईंनी मासा काढला आणि मग वेगवान कॅमेरे लावून गप्पी उडतात कसे ह्याचा छडा लावला, २०१३ साली तो छापूनही आला. निघालं ते असं की गप्पीला कुणी भिववलेलं नसतं, मागं शत्रू नसतो, समोर भक्ष्य नसतं, तरी तो उडतो. आणि उडण्याआधी छातीच्या परांनी हळूहळू मागं सरकतो, मग धाव घेऊन पाण्याबाहेर झेप टाकतो, स्वतःच्या अंगाच्या आठपट लांबपर्यंत. आमच्या लहानपणी पोरं ओढा उडून जायला मागं सरत, तेच हे. नातीच्या दुसऱ्या वाटीला तो एक बोट मागं गेला होता ना, ते मला हे वाचताना आठवलं. आणि बहुधा म्हणूनच त्याला चार बोटांच्या कप्प्यातून आपलं आपण परत उडता आलं नसेल, वरून पाणी आपटतंय, मागं सरकायला नळी आडवी येते, धाव घ्यायची कुठून?

पण विनाकारण उडायचं तरी कशाला? त्याला बाईंचं उत्तर त्रिनिदादच्या डोंगरात आहे, गप्पीच्या माहेरी. वेस्ट इंडिजमधलं ते बेट आपल्याला क्रिकेटमुळं माहीत, पण तिथले ओढे अगदी आमच्याकडच्या ओढ्यांसारखे, धबधब्यांनी तुकडे पाडलेले. धबधब्याच्या खाली मोठे मासे असतात, ते गप्पी खातात. वरच्या डोहांत ते पोचू शकत नाहीत. गप्पी मात्र कुठून कुठून पोचतो, पुरात, कडेकडेनं, उड्या मारत. नवं डबकं गाठायची ही खोड त्याच्या रक्तात आहे, आणि डबकं की चहाचा कप की काचेचा कप्पा, हे उडण्याआधी त्याला दिसत नाही.

ह्या धबधब्यांवर शास्त्रज्ञांनी फार गमतीचे प्रयोग केले. १९७६ साली जॉन एंडलर ह्यांनी खालच्या, शत्रू असलेल्या नदीतले दोनशे गप्पी उचलून वरच्या, निर्धास्त ओढ्यात सोडले. खाली असताना नर बिचारे फिकट होते, कारण जो चमकला तो खाल्ला गेला. वर भीती गेली आणि मग माद्यांची आवडनिवड तेवढी राहिली, आणि माद्यांना भडक नर आवडतात. दोन वर्षांत तिथले नर रंगानं उजळले. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आम्हाला शाळेत शिकवलेलं, इथं दोन पावसाळे पुरले. त्याच्याही आधी, १९५७ साली, कॅरिल हॅस्किन्स ह्यांनी एका नदीतले दोनशे गप्पी दुसऱ्याच नदीच्या माथ्यावर, धबधब्याच्या वर, नेऊन ठेवले. काही दशकांनी लोकांनी खाली जाऊन तपासलं तर त्या पाहुण्यांची वंशावळ धबधब्यावरून उतरून साऱ्या खालच्या नदीत पसरलेली, आणि मूळच्या रहिवाशांच्या खुणा शोधाव्या लागल्या. उतरणं सोपं असतं. म्हणूनच सांगतो, टाकीत गप्पी जादा झाले म्हणून कुणी ते ओहोळात नेऊन सोडू नयेत. आमच्या मळ्याला, मुरी माशाला खाचरात पिल्लं वाढवायची असतात, तिथं हा वेस्ट इंडिजचा पाहुणा वर्षभर पिल्लं टाकत बसला तर त्यांनी जायचं कुठं? जादा झालेले बंद हौदात ठेवावेत, नाहीतर आरोग्य उपकेंद्रात विचारावं.

कप्प्याचा बंदोबस्त नातवानं लगेच केला. फणीचे दात नर गप्पीला दरवाजेच होते, तेव्हा त्यांच्यावर बाहेरून बारीक जाळी लावायची ठरली. तालुक्याला जाऊन आणायची तर दोन दिवस गेले असते, म्हणून सुनेनं ट्रंकेतली जुनी मच्छरदाणी काढली आणि तिचा पट्टा कापून फणीला दोऱ्यानं टाचला. टाचता टाचता तीच हसायला लागली, कारण डास मारायला सरकारनं ज्याला गावोगाव पाठवलं त्यालाच आमच्या घरात मच्छरदाणीत ठेवायची वेळ आली. पट्टा उत्तम काम देतो. दर रविवारी तेवढा जुन्या दातांच्या ब्रशनं घासावा लागतो, शेवाळ धरलं की भोकं बुजतात, पाणी कप्प्यात उतरायचं सोडून टाकीच्या कडेवरून ओसरीवर यायला लागतं, आणि ओसरी सारवायची पाळी कुणाची ह्यावरून मायलेकरांत जे होतं ते मला, कान असे असूनही, पहिल्या हाकेला ऐकू येतं.